पहाटे चारला येणारी झोप

वाचक २८ वर्षांची आहे. कोल्हापुरात एका करसल्लागाराच्या ऑफिसात नोकरी करते. दहावीपासून तिला पहाटे साडेतीन-चारच्या आत झोप येत नाही. ऑफिस साडेनऊचं, म्हणून ती तीन-तीन गजर लावून कशीबशी आठला उठते. रविवारी मात्र बारापर्यंत गाढ झोपते आणि उठल्यावर अगदी ताजी असते. वडील निवृत्त आहेत, पहाटे पाचला उठणारे. शिस्त लागावी म्हणून ते तिला काही आठवडे साडेपाचला रंकाळ्यावर फिरायला घेऊन गेले. त्यानंतर झोप आणखीच पुढे सरकली. रक्ताच्या तपासण्या ठीक आहेत. झोपेच्या गोळीने दुसऱ्या दिवशी डोकं जड होतं, एवढंच. कोकणात मामाकडे मोबाइलला रेंज नव्हती, तिथेही झोप चारलाच आली. मागच्या महिन्यात सिग्नलला थांबली असताना स्कूटरवरच तिचा डोळा लागला. आता पुण्यातल्या एका कंपनीची नोकरी चालून आली आहे, दुपारी दोन ते रात्री अकरा. वडील म्हणतात, "आधी सवय सुधार, मग नोकरीचं बघू." घरात स्थळं बघणंही सुरू आहे. तिचा प्रश्न: "ताई, आधी स्वतःला सुधारू, की ही नोकरी घेऊन पळ काढू? आणि मुलाकडच्यांना हे सांगायचं का?"

प्रिय मैत्रिणी,

स्कूटरवर डोळा लागल्याचं तू कंसात लिहिलंयस, जाता जाता सांगावं तसं. मी सुरुवात तिथूनच करते. चार तास झोप झालेल्या सकाळी तू स्कूटर चालवू नकोस. केएमटीची बस, रिक्षा, सहकाऱ्याच्या मागे बसणं, काहीही चालेल. बाकीचे सगळे प्रश्न महिनाभर थांबू शकतात, हा नाही.

आता तुझे दोन पर्याय. "सुधारू" की "पळ काढू". दोन्हींमध्ये गुन्हेगार तूच आहेस, हे लिहिताना तुझ्या लक्षात आलं का? एकात शिक्षा भोगायची, दुसऱ्यात फरार व्हायचं. मला मुळात खटलाच मान्य नाही. तुमच्या घरातला झोपेचा हिशोब मांडून बघ. बाबा दहाला झोपून पाचला उठतात, म्हणजे सात तास. तू चारला झोपून आठला उठतेस, म्हणजे चार. घरात सगळ्यात कमी झोपणारी व्यक्ती तू आहेस आणि आळशीपणाचा शिक्का तुझ्याच कपाळावर आहे. कारण आपल्याकडे माणूस किती झोपला हे कुणी मोजत नाही, कधी उठला हे मोजतात. "लवकर निजे, लवकर उठे" घोकून आपण मोठे झालो. उशिरा उठणाऱ्याला "सूर्यवंशी" म्हणून हसण्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

तुझ्या पत्रातल्या तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. रविवारी तू आठ तास सलग, छान झोपतेस. म्हणजे झोप लागण्याची आणि टिकण्याची यंत्रणा शाबूत आहे, फक्त तिची वेळ सरकलेली आहे. ज्याला निद्रानाश असतो तो सुट्टीच्या दिवशीही तळमळतच असतो. दुसरं, रेंज नसलेल्या गावातही वेळ तीच राहिली, म्हणजे सगळा दोष मोबाइलवर ढकलता येत नाही. तिसरं, हे दहावीपासून आहे. यावरून मला डिलेड स्लीप फेज डिसऑर्डरची, म्हणजे झोपेची वेळच पुढे सरकण्याच्या आजाराची, दाट शंका येते. निदान मी करू शकत नाही, ते डॉक्टर करतील. पण या नावाचा आजार आहे, हे तुला आणि बाबांना आधी कळायला हवं. न्यूयॉर्कच्या माँटेफिओरे हॉस्पिटलमधल्या इलियट वाइट्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये त्याचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. झोप येत नाही म्हणून आलेल्या ४५० रुग्णांपैकी ३० जण त्यांना असे आढळले, ज्यांची झोप उत्तम होती पण वेळ भलतीच होती.

आपल्या मेंदूत एक घड्याळ असतं. बहुतेकांच्या शरीरातला दिवस चोवीस तासांहून जरासा मोठा, सरासरी दहा-बारा मिनिटांनी मोठा असतो. रोजचा उजेड ते घड्याळ मागे ओढून जुळवत राहतो. काहींचा आतला दिवस आणखी लांब असतो, काहींचं शरीर उजेडाला वेगळा प्रतिसाद देतं, आणि मग हे जुळवणं जमत नाही. हे रक्तातूनही येऊ शकतं. २०१७ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ मायकेल यंग यांच्या प्रयोगशाळेने अशा काही कुटुंबांमध्ये 'सीआरवाय१' नावाच्या जनुकातला एक बदल शोधून काढला. शरीराच्या घड्याळावरच्या कामासाठी यंग यांना त्याच वर्षी आणखी दोघांसोबत नोबेल मिळालं. प्रत्येकात तोच बदल सापडतो असं नाही. पण तुझी आत्याही रात्रभर विणकाम करत बसायची असं तू लिहिलंयस, ते डॉक्टरांना जरूर सांग.

आता रंकाळा. बाबांचा हेतू चांगला होता, तरी त्याने झोप बिघडली का? बिघडणारच होती, आणि त्यात तुझ्या निश्चयाचा काही संबंध नाही. उजेड घड्याळ मागेही आणतो आणि पुढेही ढकलतो. कुठे न्यायचं हे शरीराच्या रात्रीचा कोणता प्रहर चालू आहे त्यावर ठरतं. शरीराचं तापमान रात्रीतून एकदा तळाला जातं, साधारण आपल्या नैसर्गिक जागं होण्याच्या दोन-तीन तास आधी. त्या क्षणानंतर पडलेला उजेड झोप अलीकडे आणतो, त्याआधी पडलेला उजेड झोप पलीकडे नेतो. बाबा पाचला उठतात, त्यांचा तो क्षण दोन-तीनलाच होऊन गेलेला असतो. पहाटेचं ऊन त्यांना मानवतं. तुझी आपसूक जाग बाराची, म्हणजे तो क्षण नऊ-दहाच्या सुमारास येतो. सकाळी साडेसहाचा उजेड तुझ्या शरीराला मध्यरात्रीचा दिवा वाटतो, आणि ते समजतं की अजून संध्याकाळ संपलेली नाही. हे घरी वाचून दाखव. "पहाटे उठून उन्हात जा" हा सरसकट सल्ला अशा माणसांना उलटा पडू शकतो, हे कित्येक डॉक्टरांच्याही ध्यानात नसतं.

मग उपचार काय? उजेडच, पण तुझ्या घड्याळाप्रमाणे. दहा-पंधरा दिवस सलग रजा मिळेल तेव्हा सुरुवात करायची. (रिटर्न भरायचे दिवस सोडून, हे तुला मी सांगायला नको.) नोकरी बदलणार असशील तर मधले रिकामे दिवस यासाठी सोन्यासारखे आहेत. पहिल्या दिवशी साडेअकरा-बाराला, आपसूक जाग येईल तेव्हा उठायचं आणि लगेच गच्चीत किंवा अंगणात अर्धा-पाऊण तास बसायचं. चहा तिथेच प्यायचा. दर दोन दिवसांनी उठणं अर्धा तास अलीकडे आणायचं. उठल्यावर उजेड हवाच, खिडकीतून येणारा पुरत नाही. घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड एक-दोनशे लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) घरात असतो, बाहेर ढगाळ दिवशीही तो हजारोंनी असतो. युरोपातल्या हिवाळ्यात लोकांना यासाठी दहा हजार लक्सचे दिवे विकत घ्यावे लागतात. आपल्याकडे जुलैतलं मळभसुद्धा पुरून उरतं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार असेल, किंवा तुला वा घरात कुणाला बायपोलर हा मनोविकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नकोस.

दिवसाचं दुसरं टोक म्हणजे झोपेआधीचे दोन-तीन तास. घरातले पांढरे दिवे बंद, एक पिवळा मंद दिवा पुरे. फोनबद्दल मी कीर्तन करणार नाही. तुझी झोप फोनने बिघडवली नसली, तरी बिघडलेलीला तो आणखी पुढे ढकलू शकतो, इतकं ध्यानात ठेव. चहा-कॉफी संध्याकाळनंतर नको.

मेलाटोनिनबद्दल तू विचारलं नाहीस, पण विचारशील. दुकानात आणि ऑनलाइन तीन, पाच, दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या सहज मिळतात आणि लोक त्या झोपताना घेतात. मेलाटोनिन हे शरीरात तयार होणारं संप्रेरक शाळेच्या घंटेसारखं आहे, ती वाजली की शरीराला कळतं रात्र सुरू झाली. ती स्वतः फारशी झोप आणत नाही. म्हणून मात्रेपेक्षा वेळ महत्त्वाची. घड्याळ सरकवण्यासाठी अर्ध्या मिलिग्रॅमसारखी छोटी मात्रा, सध्याच्या झोपेच्या काही तास आधी, असा वापर केला जातो. अमेरिकेच्या निद्रावैद्यक अकादमीच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनी योग्य वेळी दिलेल्या मेलाटोनिनला पसंती दिली, पण शिफारस दुबळीच ठेवली. ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये छापून आलेल्या एका चांगल्या चाचणीत अर्धा मिलिग्रॅम मेलाटोनिन आणि झोपेचं ठरलेलं वेळापत्रक दिल्यावर झोप ३४ मिनिटं आधी लागली. अर्धा तास! रात्री शांत झोपून सकाळी लवकर उठलेल्या माणसाला हा आकडा हास्यास्पद वाटेल, तुला वाटणार नाही. तरी गोळी परस्पर सुरू करू नकोस. गर्भधारणेचा विचार असेल, फिट्सची किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर विशेष काळजी लागते. फॅमिली डॉक्टरांची झोपेची गोळी मात्र घड्याळाला हात लावत नाही, ती नुसती गुंगी देते. ती डॉक्टरांशी बोलून बंद कर, परस्पर नको.

एक युक्ती तू इंटरनेटवर वाचलेली दिसतेस: रोज तीन-तीन तास उशिरा झोपत जाऊन पूर्ण फेरी मारून रात्री अकरापर्यंत यायचं. ही पद्धतसुद्धा १९८१ ची, वाइट्झमन यांच्याच गटाची. घरी करू नकोस. पुढे, १९९२ मध्ये, अशा फेरीनंतर एका रुग्णाचं घड्याळ थांबलंच नाही, रोज थोडं थोडं पुढेच सरकत राहिलं, अशी नोंद वैद्यकीय साहित्यात आली. चोवीस तासांशी कायमची फारकत होणं तुझ्या आजच्या स्थितीपेक्षा वाईट.

हे सगळं नीट केलंस तर काय हाती येईल? बरीच जणं तास-दोन तास अलीकडे येतात. काही आणखी येतात. पण हे धरून ठेवावं लागतं. गणपतीत दोन रात्री जागलं, एक लग्न झालं, आजारपण आलं, की घड्याळ पुन्हा चारकडे घरंगळतं आणि पुन्हा चढण. दहा-पाचच्या जगात राहण्यासाठी अशी माणसं आयुष्यभर ही चढण चढत असतात, आणि कुणाला ते दिसत नाही. बाबांना "सुधार" म्हणजे एकदा शिस्त लागली की कायमची सुटका असं वाटतं. तसं होत नाही, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

म्हणूनच मला पुण्याच्या नोकरीत पळ काढणं दिसत नाही. सध्याच्या ऑफिससाठी तुला घड्याळ साडेतीन-चार तास अलीकडे आणून रोज तिथेच धरून ठेवावं लागेल. दुपारी दोनच्या नोकरीसाठी फार तर तास-दीड तास, तोही सोयीसाठी. रात्री अडीचला झोपून साडेदहाला उठलीस तर आठ तास झोप, ऊन, एक निवांत जेवण आणि मग ऑफिस. पायाला दोन नंबरने लहान चप्पल घालून चालायची सवय करण्यात मी कुणाचं चारित्र्य बघत नाही.

पण होकार कळवण्याआधी कंपनीला काही गोष्टी विचार. वेळ कायम हीच राहणार, की दर महिन्याला शिफ्ट फिरणार? फिरती शिफ्ट तुझ्यासाठी विष आहे, पगार कितीही असो. काम अमेरिकेतल्या ग्राहकांचं असेल तर तिथलं घड्याळ मार्च आणि नोव्हेंबरमध्ये एक तास सरकतं, त्यासोबत तुमची वेळ सरकते का? घरी सोडायला गाडी आहे का? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर महिलांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती, सुरक्षितता आणि घराच्या दारापर्यंत पोचवण्याची व्यवस्था लागते. बाबांची खरी काळजी बहुधा याबद्दल असेल, झोपेबद्दल कमी. लेखी उत्तर मागून त्यांच्या हातात दे.

आणि पुण्यात जाशील तिथे खोलीला जाड पडदे लाव. सकाळी दूधवाला, घंटागाडी, कामवाल्या मावशींची बेल, शेजारचा कुकर, हे सगळं तुझ्या मध्यरात्री चालू असणार. इअरप्लग आणि दारावर एक चिठ्ठी. सोबतच्या मुलींना पहिल्याच दिवशी सांग, नंतर सांगितलं की ते कारण वाटतं. सुट्टीच्या दिवशीही उठायची वेळ तासाभराच्या आत ठेव. उशिराच्या आयुष्यात एकटेपणाही येतो, सगळे मित्र झोपलेले असताना आपण जागे. आठवड्यात दोन-तीन दुपारी कुणाला तरी भेटायचं, हे औषधाइतकंच मनावर घे.

"कधी कधी वाटतं मी या जगासाठी बनलेच नाही," असंही एक वाक्य तुझ्या पत्रात आहे. या आजारासोबत नैराश्य बऱ्याचदा असतं. कधी ते वर्षानुवर्षांच्या अपुऱ्या झोपेमुळे येतं, कधी रोजच्या टोमण्यांमुळे, कधी स्वतंत्रपणे. ते आपोआप जाईल म्हणून थांबू नकोस. डॉक्टरांना हे वाक्य जसंच्या तसं सांग. आणि एखाद्या रात्री तीनला ते फार जड झालं तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

लग्नाचं. पाहण्याच्या कार्यक्रमात, दहा माणसांसमोर पोह्यांच्या बशा फिरत असताना सांगू नकोस. तिथे त्याचा "मुलगी दुपारपर्यंत झोपते" एवढाच अर्थ उरेल. पण तुम्ही दोघं एकटी बोलाल तेव्हा, साखरपुड्याच्या आधी, स्पष्ट सांग. माफीच्या सुरात सांगू नकोस, माहिती म्हणून सांग: माझी झोप रात्री तीन ते अकरा, डॉक्टरांना दाखवलंय, नोकरी त्याला जुळणारी आहे, सकाळी सहाला उठून सगळ्यांचा डबा करणं माझ्याकडून होणार नाही, संध्याकाळचं आणि रात्रीचं काम मी घेईन. शेवटचं वाक्य ऐकताना त्याचा चेहरा बघ. आपल्याकडे सून किती वाजता उठते यावरून अख्ख्या घराचं मत बनतं, आणि मुलगा त्या मतापुढे उभा राहील की नाही हे तुला तिथेच बरंचसं कळेल. लपवून लग्न केलंस तर पहिल्याच आठवड्यात उघडं पडणार आहे, झोप ही लपवायची गोष्टच नाही. यामुळे एखादं स्थळ गेलं तर जाऊ दे. तुझ्या सकाळच्या चहावर उभा राहणारा संसार तसाही फार दिवस टिकला नसता.

तुझ्यासारखंच लिहिणाऱ्या काही आयांसाठी थोडं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची झोप बारा-एकपर्यंत सरकली म्हणजे त्याला हा आजार आहे असं नाही. वयात येताना प्रत्येकाचं घड्याळ पुढे सरकतं, विशीच्या आसपास ते सर्वात उशिराचं असतं आणि मग हळूहळू मागे येतं. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. चांगलं केलं, पण ज्यांचं घड्याळ खरंच सरकलेलं असतं ती आठवी ते बारावीची मुलं अजून सातच्या शाळेत आणि सहाच्या क्लासला जांभया देतायत. कॅलिफोर्नियात २०२२ पासून हायस्कूल साडेआठच्या आधी भरत नाही. मुलाची झोप तीनच्या पुढे जात असेल, तीन महिन्यांहून जास्त काळ तसंच चाललं असेल आणि शाळा बुडत असेल, तर मात्र डॉक्टर गाठा.

डॉक्टर कोणते, हा सगळ्यांचाच प्रश्न. आपल्याकडच्या बहुतेक स्लीप क्लिनिकमध्ये भर घोरण्यावर आणि श्वास अडकण्यावर असतो. तिथे रात्रभर तारा लावून करायची महागडी तपासणी सुचवली गेली तर "मी घोरत नाही, मग याची गरज का?" असं विचारायला लाजू नकोस. घड्याळाच्या आजारासाठी ती सहसा लागत नाही. लागते ती झोपेची वही: दोन आठवडे, त्यात सुट्टीचे दिवसही हवेत, रोज कधी आडवी झालीस, अंदाजे कधी झोप लागली, कधी उठलीस, गजराने की आपसूक. काही ठिकाणी मनगटावर घड्याळासारखं हालचाल नोंदवणारं यंत्रही देतात. मज्जाविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांच्यापैकी झोपेच्या विकारांचं खास काम करणारा डॉक्टर शोध. कोल्हापुरात नाही मिळाला तर पुण्या-मुंबईत. दुपारनंतरची वेळ घे, म्हणजे नीट बोलता येईल.

आणि त्या दिवशी बाबांना बरोबर ने. तू सांगितलेलं पटायला त्यांना वेळ लागेल, डॉक्टरांनी सांगितलेलं लवकर पटेल. वाटेत त्यांना हेही सांगता येईल की मुंबईचं घड्याळ १९५५ पर्यंत भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे चालायचं. ते हसले तर पुढचं बोलणं सोपं जाईल.

तुझी,
ताई